शेवटचा तास आणि चौकची बस

जून अर्ध्यावर आला की आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं लागतात. एकेका टेबलामागे एकेक विषय बसतो. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, यंदा पुन्हा भूगोल, आणि भिंतीकडच्या पंख्याखाली समाजशास्त्र, म्हणजे मी. पंखा फिरतो, पण त्याचा वारा माझ्या डोक्यावरून थेट राज्यशास्त्राकडे जातो. अकरावी कला शाखेत आलेल्या मुलांनी या टेबलांवरून फिरायचं, काय हवं ते विचारायचं आणि सक्तीचे विषय सोडून उरलेले आपले आपण निवडायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नाही.

यंदाही टेबलं लागली आहेत. हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास आहे, झेरॉक्समधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदांचा वास आहे, आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या जवळ्याचा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट घालून पोरं फिरतायत. मागे आई, वडील, मामा, शेजारचे काका. चार भाषांत तेच ते प्रश्न. मी सकाळपासून हसतेय. हे हसणं आता इतकं सवयीचं झालंय की घरी गेल्यावरही काही वेळ ते तोंडावर राहतं. मग नवरा विचारतो, "काय झालं?" आणि मी म्हणते, "काही नाही, ॲडमिशन चालू आहेत."

"मॅडम, इस सब्जेक्ट का स्कोप क्या है?" समोरच्या एका वडिलांनी विचारलं.

मी सांगायला लागले. स्पर्धा परीक्षा, समाजकार्य, पत्रकारिता, संस्थांमधल्या नोकऱ्या. वर्षानुवर्षं तेच सांगतेय. सांगता सांगता मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. भूगोलाच्या टेबलावर तन्वी बसली होती. तासिका तत्त्वावर नुकतीच लागलेली पोर, पंचविशीचीसुद्धा नसेल. तिनं टेबलाला निळा कागद लावलाय, वर पृथ्वीचा गोल ठेवलाय, आणि एक रंगीत तक्ता स्वतःच्या हातानं काढून आणलाय. तिच्यासमोर कुणीच नव्हतं. ती बोटानं तो गोल फिरवत होती आणि थांबवत होती.

ते बघितलं आणि मला तो जून आठवला. खरं तर तो मला दरवर्षीच आठवतो, पण यंदा तो येऊन शेजारी बसलाच.

त्या जूनमध्ये टेबलामागे माझी हीच अवस्था होती. उपप्राचार्य मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "यंदा बॅच झाली नाही तर सोशिओलॉजी ड्रॉप करावं लागेल. मला नाही आवडत हे सांगायला, पण मॅनेजमेंट विचारतंय." मॅडम वाईट नाहीत. इंग्रजी उत्तम शिकवतात, रोज बोरिवलीहून येतात, दुपारी तीनपर्यंत त्यांचा डबा तसाच पडून असतो. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटणं होतं. पण वाईट वाटून बॅच होत नाही. विषय बंद म्हणजे मी अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे कुठल्या तरी लांबच्या तालुक्यात, जिथे जागा असेल तिथे जायचं, किंवा वाट बघत बसायचं. घरी सासूबाई अंथरुणावर, मुलगा दहावीत. मी कुठेच जाऊ शकत नव्हते.

पण नोकरीची काळजी एकीकडे आणि दुसरीकडे एक वेगळंच दुखणं होतं, ते मी कुणाला सांगत नव्हते. मला वाटायला लागलं होतं की मुलांना माझा विषय आवडत नाही. म्हणजे मीच आवडत नाही. दरवर्षी संख्या कमी होत होती, आणि मी दरवर्षी जास्त जीव तोडून शिकवत होते. चित्रं आणायची, वर्तमानपत्रातली कात्रणं आणायची, मुलांना बाजारात घेऊन जायचं. जे चार जण वर्गात असत ते मनापासून ऐकत. बाकीचे यायचेच नाहीत. रात्री भांडी विसळताना मी मनातल्या मनात तो तास पुन्हा घ्यायची आणि कुठे चुकलं ते शोधायची.

भूगोलाला तेव्हा म्हात्रे सर होते. इथलेच, भाईंदरच्या खारीगावातले. खारी म्हणजे आता चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये गाव, तरी सरांच्या दारात अजून एक आंबा उभा आहे. सर स्टाफरूममध्ये कमी बोलत आणि बोलले तर आपल्या बोलीत बोलत. कुणी हसलं तर त्यांना फरक पडत नसे. माझं तोंड बघून एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, हितं टेबलाव बसून काय व्हनार न्हाय. चला, गावान जाऊ. पोरं मागून आनू."

गावात जाऊन पोरं मागणं ही आमच्या कला शाखेची दुसरी पद्धत. विज्ञानवाल्यांना हे करावं लागत नाही. त्यांच्याकडे पोरं रांग लावतात. आम्ही जूनमध्ये हातात पत्रकं घेऊन वस्त्यांमधून फिरतो, मतं मागायला आल्यासारखे. त्या वर्षी सरांनी उत्तनकडची गावं धरली, कारण तिकडची पोरं त्यांच्या वर्गात बऱ्यापैकी असायची. माझ्या वर्गात कुणीच नसायचं. मी त्याचा कधी नीट विचार केला नव्हता. वाटायचं, तिकडच्या लोकांना समुद्र, हवा, भरती-ओहोटी यांचं कळतं, म्हणून भूगोल घेत असतील.

आम्ही भाईंदर पश्चिमेहून बसनं निघालो. रस्त्याच्या कडेनं पाणी साचलं होतं. मिठागरं बुडालेली. पुढे डोंगरी, मग तारोडी, मग एकदम नारळीची झाडं आणि समुद्राचा वास. चौक नावाच्या गावाला उतरलो तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून, प्लास्टिक टाकून बांधून ठेवल्या होत्या. बोंबील वाळत घालायचे बांबू उघडे उभे होते. मासेमारी बंद होती. अशा दिवसांत ते गाव बघितलं की वाटतं, इथे माणसांना कामच नाही. पण घराघराच्या ओट्यावर जाळी पसरलेली आणि बाप्ये खाली मान घालून ती सांधत बसलेले.

सरांच्या ओळखीच्या एका घरी गेलो. बाई मासळी विकायला भाईंदरच्या बाजारात बसायच्या. नाव रोझी. त्यांची मुलगी सिल्विया दहावी झाली होती, बरे मार्क होते, कॉलेजला येणार हे ठरलेलं होतं. मोठी मुलगी आमच्याच कॉलेजातून बारावी होऊन घरी होती. ती आत चहा करत होती. सिल्विया दाराला टेकून उभी राहिली आणि मी माझं पाठ केलेलं सुरू केलं. स्पर्धा परीक्षा, समाजकार्य, पत्रकारिता. मग कुटुंब म्हणजे काय, गाव म्हणजे काय, माणसं जागा सोडून का जातात, असं सगळं या विषयात असतं वगैरे. "उपयोग काय?" या प्रश्नासाठी माझ्याकडे निदान पाच उत्तरं तयार होती.

रोझीबाईंनी ते विचारलंच नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टीचर, विषय चांगला हाय. पन तुमचा तास शेवटचा हाय ना?"

मी म्हटलं, "हो. का?"

"मंग बस चुकतं."

मला कळेना. सरांकडे बघितलं. ते चहाच्या कपात बघत होते.

रोझीबाई समजावून सांगायला लागल्या, लहान मुलाला सांगतात तसं. साडेबाराची बस गेली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. कॉलेज स्टेशनच्या पूर्वेला, बस पश्चिमेला. शेवटचा तास पुरा बसलं की पूल ओलांडेपर्यंत बस गेलेली असते. पावसात ठीक आहे. पण हंगाम सुरू झाला की दुपारी पोरीला घरी यावंच लागतं. "मी बाजारान, हिचा डॅडी पान्यान. वाललेलं बोंबील कोन उतरवनार? उतरवलं न्हाय तर कावलं हायत, कुत्रं हायत."

आतून मोठी मुलगी चहा घेऊन आली. ती हसून म्हणाली, "मॅडम, मला घ्यायचं होतं समाजशास्त्र. तुमचा तास मी एकदा खिडकीतून ऐकलेला. तुम्ही लग्नांबद्दल सांगत होता, मामाच्या मुलीशी वगैरे. पण आमच्यात सगळ्यांना माहीत हाय, समाजशास्त्र घेतलं का बस चुकते. चौकची पोरं नाय घेत. तारोडीची पण नाय घेत."

आमच्यात सगळ्यांना माहीत हाय. हे वाक्य मी घरी जाईपर्यंत चघळत होते. म्हणजे गावातली मोठी बहीण धाकटीला सांगत होती, मावसबहीण चुलतबहिणीला सांगत होती, आणि ते इतकं उघड होतं की कुणाला मला येऊन सांगावंसं वाटलं नाही. त्यांना वाटलं असणार, टीचरला माहीतच असेल. आणि मी मात्र भांडी विसळत माझ्या शिकवण्यातल्या चुका शोधत होते. समाजरचना माणसाच्या निवडीवर कशी परिणाम करते, हा धडा मी दरवर्षी शिकवायची. शेवटच्या तासाला.

परतताना बसमध्ये मी सरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माज्या तासाला ती पोरं येतात, मॅडम. मला वाटलं तुमाला ठावं हाय. त्याईंचं तुमच्या विषयाशी वाकडं न्हाय."

 बसच्या छतातून एके ठिकाणी पाणी गळत होतं आणि एक बाई आपली टोपली त्याखाली येणार नाही अशी पुन्हा पुन्हा सरकवत होती. मला हसू येत होतं. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत होते ती गोष्ट म्हणजे एक बस होती. याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी एवढी दमले होते की आनंदाचंही ओझं वाटलं.

डोंगरी सोडल्यावर सर म्हणाले, "माझा तिसरा तास तुमी घ्या. शेवटचा मला द्या."

"आणि तुमची मुलं?"

"माझी हितलीच. चालत जातात."

ते अर्धंच खरं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. सरांच्या वर्गातली कितीतरी मुलं दुपारी पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांमध्ये कामाला जायची. भांड्यांना पॉलिश करायची, खोकी भरायची. एकच्या पाळीला पोचायचं तर शेवटचा तास त्यांनाही जड जाणार होता. मी तसं म्हटलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी रिटायरमेंट जवल आली. तुमची अजून बरीच वर्सं हायत. गनित सोपं हाय." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "खरं म्हनजे शेवटचा तास इंग्लिशला द्याला पायजे. इंग्लिश कोन सोडनार? वर्ग रिकामा पडंल मंग मॅनेजमेंटला बस दिसंल. दुसऱ्या दिशी मधली सुट्टी धा मिनटं कमी, न् पोरांना बस गावंल."

आम्ही दोघं हसलो. दहा मिनिटं. खरंच तेवढंच होतं सगळं. पण इंग्रजी सकाळी ठेवायचं, मुलं ताजी असताना, ही तिसरी पद्धत होती, आणि इंग्रजी उपप्राचार्य मॅडम शिकवत होत्या. ज्या माणसाचा विषय बंद व्हायला आलाय त्यानं वर दहा मिनिटं मागायला जायचं नसतं. आम्ही आपापसांत तास बदलला. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि कुणाला काही कळलंही नाही.

बॅच झाली. टेबलासमोर त्या आठवड्यात चौकच्या पोरी आल्या, तारोडीच्या आल्या, आणि येता येता मैत्रिणी घेऊन आल्या. कुणीही मला विषयाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फक्त विचारलं, "मॅडम, तास तिसरा ना?" मी हो म्हणायची. उपप्राचार्य मॅडम खूष झाल्या. म्हणाल्या, "बघा, एफर्ट्स घेतले की होतं." मी मान डोलावली.

त्या वर्षीचा पहिला तास मला अजून आठवतो. मी नेहमीप्रमाणे विचारलं, तुमचं गाव कुठलं आणि तुम्ही इथे कसे आलात. मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न फार चालतो, कारण इथे प्रत्येकाचं गाव दुसरीकडे असतं. मी माझ्यापासून सुरुवात करते. गाव राजापूरकडचं, जन्म लालबागचा, लग्न झाल्यावर खोली लहान पडली म्हणून इथे. मग मुलं सांगतात. चिपळूण, महाड, जौनपूर, भावनगर, पाली. त्या दिवशी सिल्वियाची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमचं गाव हेच हाय."

"हेच म्हणजे?"

"चौक. आम्ही कुठून आलो नाय. आमी हितंच होतो."

वर्ग हसला. एका मुलानं विचारलं, "मग सुट्टीत कुठे जातेस?"

"कुठं नाय. तुमी सगळे जाता. गणपतीला जाता, मे महिन्यात जाता. भाईंदर रिकामं होतं. तवा आमी असतो."

कुणी हसलं नाही. मी खडू हातात धरून उभी होते. शिकवायचं म्हणून जे ठरवलं होतं ते सगळं मी बाजूला ठेवलं आणि मुलांना म्हटलं, आता तिला विचारा, रिकामं भाईंदर कसं दिसतं. ती सांगत गेली. मिठागरांमधून एकट्याच चालणाऱ्या बसगाड्या, बाजारात गिऱ्हाईक नाही म्हणून आई लवकर घरी येते ते, पहाटे इतकी शांतता की होडीचं इंजिन तारोडीपर्यंत ऐकू येतं ते. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग सिल्वियानंच घड्याळ बघितलं. नुकता तिसराच तास संपला होता. बसला वेळ होता.

तो तास माझ्या आयुष्यातल्या बऱ्या तासांपैकी एक आहे. मला असं वाटतं तेव्हा म्हात्रे सरही आठवतात, कारण त्याच वेळी खालच्या मजल्यावर वेळापत्रकात कुठे तरी त्यांचा तास मागे ढकलला गेला होता. दिवाळीनंतर मी घरी निघताना जिन्यावरून त्यांचा वर्ग दिसायचा. नकाशा लावलेला, सर छडीनं कुठली तरी नदी दाखवतायत, आणि पुढच्या दोन बाकांवर काही पोरं. मागचे बाक रिकामे. सर त्या रिकाम्या बाकांकडेही बघून शिकवत. मी एकदा थांबले तर त्यांनी हातानंच सांगितलं, जा, जा.

ते निवृत्त झाले तेव्हा भूगोल जवळजवळ बंद झाला होता. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, दोन भाषणं. उपप्राचार्य मॅडम म्हणाल्या की आजकालच्या मुलांना भूगोलात इंटरेस्ट राहिलेला नाही, ही खंत आहे. सरांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण माझ्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि तो पुढच्या मिनिटाला मलाच द्यायचा होता.

त्यांचा वर्ग आता माझा आहे, आणि त्यांचा नकाशा अजून तिथेच आहे. गुंडाळी सुटलेली, कोकणच्या किनाऱ्यावर एक चीर गेलेली. काढा म्हणून शिपायाला कुणी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अशी ही गेल्या काही वर्षांची गोष्ट. सिल्विया पदवीधर झाली, हल्ली एका शाळेत शिकवते म्हणे. तिच्यानंतर तिच्या मावशीच्या मुली आल्या. माझी बॅच दरवर्षी होते, म्हणून मी अजून इथे आहे, या पंख्याखाली. सासूबाई गेल्या. मुलगा नोकरीला लागला. गुडघे दुखतात, दोन जिने चढले की मध्ये थांबावं लागतं. माझी रिटायरमेंट आता जवळ आली. सरांचंच वाक्य माझ्यापाशी आलंय.

आणि सर निवृत्त झाल्यावर बंद पडलेला भूगोल यंदा मॅनेजमेंटनं पुन्हा एकदा करून बघायचं ठरवलं. एक संधी, बॅच झाली तर झाली. तन्वीला घेतलं, आणि तिला तास दिला तो शेवटचा. कुणी मुद्दाम दिला नाही. रिकामा तोच होता.

परवा खारीत सर त्यांच्या दारात भेटले. बाजारातून येत होते, पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या बॅचची चौकशी केली. भूगोलाचं ते कधी विचारत नाहीत. मीच सांगितलं, नवी मुलगी आलीय, हुशार आहे, स्वतः तक्ते काढते.

"तास कितवा?" सरांनी विचारलं.

"शेवटचा."

सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आंब्याकडे बघितलं, म्हणाले, "यंदा चांगला धरला व्हता. वाऱ्यानं झरला." आणि घरात गेले. 

तर आज दुपारी हॉल रिकामा झाला. टेबलं तशीच होती. तन्वी निळा कागद नीट काढून घडी करत होती, उद्या परत लावायला. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, खरं सांगाल? मी समजावून सांगण्यात कमी पडतेय का? मुलं येतात, ऐकतात, आवडलं म्हणतात, आणि टाइमटेबल बघून दुसरीकडे जातात. मी कालपासून रील्ससुद्धा करतेय. काहीतरी माझंच चुकतंय."

तिचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. भांडी विसळताना ती काय करत असेल ते मला दिसलं.

मी काय करू शकत होते ते मला माहीत होतं. माझा तिसरा तास तिला द्यायचा, शेवटचा मी घ्यायचा. सरांनी केलं तसं. छान दिसलं असतं. आणि मग चौकच्या पोरी माझ्याकडच्या तिच्याकडे गेल्या असत्या, आणि तीन-चार वर्षांनी माझ्या निरोप समारंभात मॅडम म्हणाल्या असत्या की मुलांना आजकाल समाजशास्त्रात इंटरेस्ट राहिलेला नाही. आमच्यातलं एक दुबळं दुसऱ्या दुबळ्याला जागा देत राहतं, आणि ज्याला कुणी हलवत नाही ते इंग्रजी सकाळी ताजंतवानं आपल्या जागी बसून राहतं. हे मी शिकवते. हे माझ्या पुस्तकात आहे. मला याचा आज फार राग आला, इतका की थकवा थोडा वेळ मागे सरला.

मी तन्वीला म्हटलं, "तुझं काही चुकत नाहीये. तो गोल घे हातात आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"चल तर."

दोन जिने. मध्ये मी थांबले. तन्वी गोल छातीशी धरून माझ्या शेजारी उभी राहिली. मग केबिन. उपप्राचार्य मॅडमचा डबा टेबलावर तसाच होता, चष्मा डोक्यावर, समोर कागदांची थप्पी. त्यांनी वर बघितलं. त्याही दमलेल्या होत्या. एक क्षण मला वाटलं, उद्या यावं.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "बॅचचं का?"

मी म्हटलं, "मॅडम, आधी एक विचारते. चौकची बस किती वाजता सुटते, तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आधी माझ्याकडे, मग तन्वीच्या हातातल्या पृथ्वीकडे बघितलं.

"कोणती बस?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची ओढली, तन्वीसाठी दुसरी ओढली, आणि बसले.